तुळजाबाईचं नाव घेते

विमलताईचं नाव काढलं की लोक म्हणतात, "तीच ना, जिनं स्टेजवर उखाणा चुकवला?" माह्या अंगाचा तिळपापड होते. चुकवला नाई हो तिनं! तीस वर्षं तिची शेजारीण होती मी, मले ठाऊक हाय.

ताई बाभुळगावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. पंचविशीत विधवा होऊन माहेरी आली, ती कायमचीच. तिले लिहाले-वाचाले शिकवलं आजीनं, तुळजाबाईनं. अन् ह्या आजीनं, बापा, अठराशे सत्त्याऐंशी साली आख्खी कादंबरी लिहिली होती! सासू दुपारची झोपली की बोरू घेऊन बसे. नवऱ्याले सोडून जिनात, सरकी काढाच्या कारखान्यात, कामाले जाणाऱ्या बाईची गोष्ट. छापाची कोणाची हिंमत झाली नाई. मरताना वही नातीच्या हातात देऊन म्हणाली, "विमल, छापून आणजो वं." ताईनं सदतीस वर्षं ते वही जुन्या लुगड्यात, कडुनिंबाचा पाला घालून जपली.

आजीनं वहीत आपलं नाव कुठंच लिहिलं नव्हतं. पहिल्या पानावर उखाणा होता:

शाईत बुडवला बोरू, अक्षरं उतरली खरी,
सखारामपंतांचं नाव घेते, कादंबरी झाली पुरी.

आता उखाण्यात बाई नवऱ्याचंच नाव घेईन ना! सखारामपंत आजोबाले तर दस्तावर सही करतानाबी घाम फुटे.

एकोणसाठ साली यवतमाळच्या एका मंडळानं जुनी पुस्तकं छापाले घेतली. ताईचा धाकटा भाऊ पुंडलिकराव तिथंच वकील. म्हणाला, "ताई, वही दे माह्याजवळ. आजीचं नाव मी लावतो, माही जबान." सख्ख्या भावाले नाई कशी म्हणन?

दोन वर्षांनी प्रकाशनाचं बोलावणं आलं. आम्ही दोघी एस.टी.नं गेलो. ताईनं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. पुस्तक हातात पडलं अन् तिचा चेहरा पार उतरला. वर नाव सखारामपंतांचं! आत लिहिलं होतं, पत्नीनं सुवाच्य प्रत करून दिली.

"काहून रे पुंडलिक?"

"पहिल्या पानावर नाव आजोबाचंच हाय, ताई," तो म्हणाला. मंग आवाज बारीक करून, "अशी गोष्ट घरच्या बाईनं लिहिली म्हटलं, तर माह्या पोरीचं लगन कुठं जमन?"

"वही कुठं हाय?"

"छापखान्यात गहाळ झाली."

उखाणा काय असते हे त्या माणसाले माईत नव्हतं? अरे, त्याच्या लग्नात त्याच्या बायकोले उखाणा शिकवला तो ताईनंच! परका फसवते त्याचं एवढं लागत नाई. हा तर तिनं कडेवर खेळवलेला.

तेवढ्यात माइकवरून ताईले हाक आली, लेखकाची नात म्हणून. शाल दिली, नारळ दिला, दोन शब्द बोला म्हणाले. नवरा गेल्यापासून जिनं उखाणा घेतला नव्हता, ते ताई भावाकडं पाहत खणखणीत बोलली:

"शाईत बुडवला बोरू, अक्षरं उतरली खरी,
तुळजाबाईचं नाव घेते, तिचीच कादंबरी सारी."

लोक खो खो हसले. "म्हातारी चुकली," कोणीतरी म्हणालं. पुंडलिकराव एकटा हसला नाई. ताई खाली आली, शाल-नारळ त्याच्या मांडीवर ठेवला अन् मले म्हणाली, "चाल वं, साडेपाचची गाडी हाय."