लॅमिनेट केलेल्या सूचना

पुण्यात वारज्याला आमचा फ्लॅट तळमजल्यावर होता आणि मागेच नाला. दर पावसाळ्यात पाणी पायरीपर्यंत येऊन परत जायचं. दाराशी दोन विटांचा कट्टा बांधून घ्या, असं मी बाबांना तीनदा सांगितलं. "दाराची शोभा जाते," म्हणाले.

मग अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या भावाची ईमेल आली: पुरापासून घर कसं वाचवावं, चौदा सूचना. बाबांनी सायबर कॅफेतून प्रिंट काढली, बुधवार पेठेत जाऊन लॅमिनेट केली आणि दारामागे लावली. पहिलीच सूचना होती, दाराशी पाणी अडवणारा कट्टा बांधा.

"हेच मी सांगत होते!"

"तू तोंडी सांगत होतीस."

कट्टा तरीही झाला नाहीच. सूचना भिंतीवर लागली की काम झालं, ही सरकारी कचेरीत जन्म काढलेल्या माणसाची श्रद्धा.

त्याच पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी शिरलं. गाद्या, फ्रिज, माझी पुस्तकं, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर बाबांनी चिखलातून तो कागद उचलला, धोतराने पुसला आणि उजेडात धरला.

"बघ," ते अभिमानाने म्हणाले, "एक थेंब आत गेलेला नाही."