बलजीतदीदींनी मागितलेली खोली

बलजीतदीदी गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी चंदीगडला लागून असलेल्या झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत बसले होते. महिना उलटून गेला... अजून मला धड रडताही आलेलं नाही.

त्या माझ्या पार्लरवाल्या. पंजाब धुमसत होता त्या वर्षांत चंदीगडमध्ये घराच्या पुढच्या खोलीत त्या पार्लर चालवायच्या. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, घर सगळं दीदींच्या कात्रीवर. स्वतः शीख, त्यामुळे त्यांच्या कमरेपर्यंतच्या केसांना कधी कात्री लागली नाही; दिवसभर दुसऱ्यांचे मात्र कापायच्या. मी साताऱ्याची, ह्यांच्या सरकारी बदलीबरोबर आलेली, डोक्यावर कुरळ्या केसांचं रान. दीदींनी क्रीम लावून ते सरळ करून दिले, तेव्हा आठवडाभर मी आरशापुढून हलले नाही. सासूबाई म्हणाल्या, "देवाने दिलेलं बरं नव्हतं वाटतं?"

क्रीमचा डबा उघडण्याआधी दीदींची उलटतपासणी व्हायची. तेल कुठलं, धुतले कधी, मेंदी लावली का? "जो लगाया है, सब बता दो जी. मैं डाँटूँगी नहीं." दुसऱ्या खेपेला मी मेंदीचं लपवलं. आईने पाठवलेली मेंदी आमच्या रीतीप्रमाणे लोखंडी कढईत भिजवून लावली होती. सांगितलं तर दीदी परत पाठवतील, आणि शनिवारी तर लग्नाला जायचं होतं. लोखंड उतरलेल्या त्या केसांवर क्रीम लावलं आणि ते कंगव्यातच तुटून आले. दीदी रागावल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे पाहिलं, खांद्यापर्यंत केस कापले आणि समजावलं... ओले विंचरायचे नाहीत, गुंता टोकाकडून सोडवायचा, दहा आठवडे क्रीम नाही, आणि नंतरही फक्त नव्याने वाढलेल्या केसांना. "बाल तो फिर आ जाएँगे. पर मुझसे छुपाया मत करो," एवढंच.

पुढच्या हिवाळ्यात पार्लरांच्या दारांखालून अतिरेक्यांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. बायकांचे केस कापणं बंद करा, नाहीतर परिणाम भोगा. दीदींनी पाटी उतरवली. एका दुपारी त्या आमच्या क्वार्टरवर आल्या. चहाला हातही न लावता म्हणाल्या, "पीछे वाला कमरा दे दो, हफ़्ते में दो दोपहर. मराठियों के घर पर किसे शक होगा?" त्या खोलीत गव्हाचं पिंप आणि जुन्या ट्रंका, एवढंच होतं. मी म्हटलं, "इनसे पूछकर बताती हूँ."

ह्यांना मी विचारलंच नाही. माझी दोन्ही मुलं शाळेतून त्याच खोलीतल्या मागच्या दाराने घरात यायची. मला भीती वाटली, बस्स. तीन दिवसांनी जाऊन सांगितलं, "साहब नहीं मान रहे." दीदींनी माझ्याकडे मेंदीच्या दिवशी पाहिलं होतं तसंच पाहिलं. म्हणाल्या, "कोई बात नहीं जी. और सुनो, किसी और से क्रीम मत लगवाना. बढ़ने दो, सिरे कटवाती रहना." जिची चूल विझायला आली होती, ती माझ्या केसांची काळजी करत होती!

मग त्यांनी लोकांच्या सलवारी शिवल्या. नवऱ्याला मालिश करायला येणारा माणूस बंद करावा लागला, आणि ते पुन्हा उठून बसले नाहीत. पार्लर कित्येक वर्षांनी उघडलं. तिथे मी शेवटपर्यंत जात राहिले; दरवेळी वाटायचं, आज सांगू. जीभ रेटली नाही.

दीदींच्या भोगाहून, गुरुद्वारातल्या शेवटच्या पाठाहून, परतताना गाडीत हे म्हणाले, "त्या दिवसांत आपली मागची खोली त्यांना द्यायला हवी होती गं. त्यांनी एकदा विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं नसतं."

ज्यांची माफी मागायची त्या गेल्या, आणि ज्यांच्या नावावर खोटं खपवलं ते शेजारी डोळे पुसत होते. म्हणून हे लिहून रविवारच्या पुरवणीला पाठवते आहे; ती आमच्याकडे आधी ह्यांच्याच हातात पडते.