फातिमाचं तिकीट आणि चंदनसारचा ओटीपी

परदेशात जाऊन आलं की फोटो सगळ्यांचे सारखेच असतात. पूल, चर्च, पुलावर आपण, चर्चपुढे आपण! आमचेही तसेच आहेत, कोणी बघत नाही. किस्से मात्र लोक मागून मागून ऐकतात, आणि आम्ही तिघी एकत्र बसलो की आणखी एखादा निघतोच.

तिघी वसईकडच्याच. म्हणजे मनवेलपाड्याची मी, गिरीजच्या फिलूबाई आणि चंदनसारच्या निर्मलाबाई. एकाच शाळेत शिकवलं, एकाच स्टाफरूममध्ये भांडलो. आता रिटायर झालोय, तरी एकमेकींना 'बाई'च म्हणतो. आम्ही पोर्तुगालला गेलो, टूरशिवाय, आगगाडीची तिकिटं स्वतः काढून! का ते सांगते.

*

फिलूबाईंचा एक नवस होता. नवऱ्याच्या आजारपणात त्या पोर्तुगालच्या फातिमा गावातल्या मातेला बोलल्या होत्या, "हा बरा झाला तर तुझ्या दारात येऊन मेणबत्ती लावीन." नवरा ठणठणीत बरा झाला, केळीच्या वाडीत हिंडायला लागला, आणि नवस तसाच राहिला.

म्हणून आम्ही एका टूरवाल्याकडे गेलो. टाय लावलेला पोरगा समोर होता.

"आज्जी, फातिमा आपल्या पॅकेजमध्ये नाहीये. पण त्याऐवजी चॉकलेट फॅक्टरी आहे!"

फिलूबाई उठल्याच. "मग मेणबत्ती काय चॉकलेटपुढे लावू?"

*

घरोघरी बॉम्ब फुटला. "तीन म्हाताऱ्या? एकट्या?" अरे, तिघी आहोत तर एकट्या कशा?

सगळ्यात जास्त घाबरला तो निर्मलाबाईंचा संदेश. मुलगा चांगला आहे, पण आईला गॅसचा सिलिंडर समजतो. कुठे ठेवलाय ते सारखं बघत राहायचं! त्याने अट घातली, "आई, एकदा जरी अडकलात, तरी मी तिथे गाडी आणि गाईड बुक करणार. आणि यापुढे माझ्याशिवाय प्रवास बंद."

निर्मलाबाई "बरं" म्हणाल्या. पंचवीस वर्षं त्या वर्गाला दरडावत आल्या आणि घरी "बरं" म्हणत आल्या. मला त्या "बरं"चा फार राग येतो. म्हणून मी ठरवलं, अडकायचं नाही म्हणजे नाही.

*

लिस्बनच्या हॉटेलात फोनवर तिकीट काढायला बसलो. माझं कार्ड चालेना. फिलूबाईंच्या बँकेने कधी परदेश पाहिलेलाच नाही. चाललं ते निर्मलाबाईंचं. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मग कळलं की त्यांच्या खात्याला फोन नंबर संदेशचा जोडलेला आहे. तिकीट लिस्बनला, ओटीपी चंदनसारला!

फोन लावला.

"आई, ओटीपी आलाय. पण कुठे चाललात? स्टेशन लांब आहे का? परत किती वाजता? जेवणाचं काय?"

निर्मलाबाई एकेक उत्तर देत बसल्या. तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. पुन्हा प्रश्न, पुन्हा मुदत संपली.

फिलूबाई पलंगावरून ओरडल्या, "कुमसारात पापं कबूल करताना फादरपण एवढं विचारत नाय!"

निर्मलाबाईंनी फोन ठेवला. म्हणाल्या, "उद्या खिडकीवर जाऊ. तिथे फक्त कुठे जायचं एवढंच विचारतात."

*

खिडकीवर जायचं म्हणजे तयारीनिशी. मी आपल्या पद्धतीने कागदावर सगळं लिहून नेलं. तारीख, कुठून, कुठे, तिघींची नावं, वयं आणि खाली अधोरेखित करून 'लोअर बर्थ'. जन्माची सवय!

काचेमागच्या बाईने कागद वाचला. मग आमच्याकडे पाहिलं. "मॅडम, गाडी दीड तासात पोचते."

"मग विंडो द्या," मी म्हटलं. मागे हटायचं कशाला?

तिथे म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट असतं. माझं झालं, फिलूबाईंचं झालं. निर्मलाबाईंपाशी ती बाई थांबली. त्यांनी निघताना केस रंगवले होते. ती वयाबद्दल शंका घेऊन पासपोर्ट मागायला लागली. मला वाटलं, झालं, आता अडकलो. निर्मलाबाई मात्र लाजून लाल!

पासपोर्ट काढता काढता मला हळूच म्हणाल्या, "तिला म्हणावं, परत एकदा विचार."

*

गाडी वेळेवर आली. फातिमा नावाच्या स्टेशनावर उतरलो. गाडी निघून गेली. आजूबाजूला झाडं, एक बाक आणि आम्ही. चर्च नाही, माणूस नाही. एका म्हाताऱ्याने हातवारे करून सांगितलं, मातेचं देऊळ इथून वीसेक किलोमीटर लांब आहे!

मी हादरले. फिलूबाई मात्र पोट धरून हसत सुटल्या. "अगो, वसई रोडला उतरून किल्ला कुठंय विचारणाऱ्यांना आपण जन्मभर हसलो. घ्या आता!"

तेवढ्यात संदेशचा फोन. त्याने आईच्या फोनवर लोकेशन लावून ठेवलं होतं. "आई! तू जंगलात काय करतेयस? तिकीट चुकलं ना? हलू नका, मी गाडी बघतो!"

निर्मलाबाई उभ्या राहिल्या. वर्गावर जाताना उभ्या राहायच्या, अगदी तशा.

"तिकीट बरोबर आहे. स्टेशनचं नाव चुकलंय. त्यांना कळव बदलायला."

आणि लोकेशन बंद केलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून घरच्या माणसासाठी "बरं" ऐकलं नाही.

त्या म्हाताऱ्याने भाच्याला टॅक्सी घेऊन बोलावलं. फिलूबाईंनी मेणबत्ती लावली आणि नवऱ्याला व्हिडिओ कॉल करून दाखवली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? निर्मलाबाई बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या.

*

परत आल्यावर निर्मलाबाई मला घेऊन बँकेत गेल्या. खात्याला जोडलेला फोन नंबर बदलून स्वतःचा लावायचा होता.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, मुलाचाच राहू द्या ना. सोयीचं पडतं."

"कोणाला?" निर्मलाबाई म्हणाल्या.

*

परवाचीच गोष्ट. सकाळचं फिरून आम्ही तिघी निर्मलाबाईंकडे चहाला बसलो होतो. गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग नुकतंच उघडलं होतं आणि संदेश लॅपटॉपला चिकटला होता. त्यात आईचं कार्ड पूर्वीपासून सेव्ह केलेलं. कणकवलीला जायची तिकिटं मिळाली. येतानाची भरली आणि तो ओरडला, "आई, ओटीपी! लवकर! वेटिंग लागेल!"

निर्मलाबाईंनी चष्मा लावला. "हे येतानाचं ना? ह्यात माझं नाव आहे?"

"आहे ना! आपली चौघांची आहेत. आई, ओटीपी!"

"माझं काढ त्यातून. मग देते."

"अगं, सगळं पहिल्यापासून भरावं लागेल! गाडी फुल्ल होईल!"

"मग बोलत बसू नकोस."

त्याने कपाळावर हात मारला, नाव काढलं, पुन्हा सगळं भरलं. त्यांनी ओटीपी वाचून दाखवला, एकेक आकडा सावकाश, शुद्धलेखन घालावं तसा. तिकिटं मिळाली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"पण आई, तू परत कधी येणार?"

निर्मलाबाईंनी फिलूबाईंच्या कपात चहा ओतला.

"ते मी अजून ठरवलेलं नाही."