गादीवाल्याचा रुसवा

हॉस्पिटलच्या खरेदी विभागातल्या बाईंना शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे आत्याच म्हणायचे. चादरी, बादल्या, बल्ब, खाटा, सगळं आत्याच्या हातून यायचं, आणि कुठला सप्लायर किती पाण्यात आहे हे तिला तोंडपाठ. म्हणून नवीन पोर्टल आलं तेव्हा ती जाम खूश! प्रत्येक सप्लायरच्या मालाला तारे द्यायचे, खाली शेरा लिहायचा. आत्याने एका बैठकीत सगळ्यांना निकालात काढलं, आणि लिहिलं अगदी बोलते तसंच. बल्बवाला: 'बल्ब लागतो, फोन लागत नाही.' गादीवाला: 'गादी एक नंबर, पाच तारे. पण हा बोलायला लागला की त्याच गादीवर आडवं व्हावंसं वाटतं.'

तिला वाटलं शेरे ऑफिसपुरतेच राहणार. ते गेले थेट सप्लायरांच्या मोबाईलवर!

सकाळी बल्बवाल्याचा फोन, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून. "काय आत्या, लागला की नाही फोन?" आत्या हसून हसून बेजार. पण स्क्रीनकडे नजर गेली आणि हसू तिथंच विरलं. मुलांच्या नवीन वॉर्डच्या गाद्यांचे दर भरायची मुदत आज पाचला संपत होती, आणि गादीवाल्याचा रकाना कोरा! दुसरा एकच दर आलेला, आणि त्याच्या गाद्या म्हणजे महिन्याभरात नुसता पत्रा. त्यावर ती आजारी पोरं झोपणार?

गादीवाल्याला फोन केला. कट. परत केला. कट. मग पर्स उचलून ती तडक त्याच्या दुकानात.

"रागावलात होय?"

"नाही."

"दर भरणार ना?"

"बघू."

अरे देवा! हा माणूस आणि एका शब्दात उत्तर? याचा नुसता 'नमस्कार' अर्धा तास चालायचा! आत्याला खरंच भरून आलं.

"चुकलं हो दादा माझं. शिव्या घाला, पण असे गप्प नका बसू."

"बोललो तर झोप येते ना तुम्हाला?"

"येऊ दे! दराचं अवाक्षर काढू नका, पण पोरांना गादी कसली देणार ते तरी सांगा." आणि ती नमुन्याच्या गादीवर ऐसपैस बसली.

गादीवाल्याने कसनुसं तोंड करत फोमपासून सुरुवात केली. मग खोळ, मग शिलाई, मग त्याच्या काकांचं पहिलं शिलाई मशीन... गाडी सुसाट सुटली. आत्या मान डोलवत होती. मग मान आपली आपणच डोलायला लागली. मग...

दचकून जागी झाली तर घड्याळात पाच वाजून गेलेले!

"अहो, मुदत!"

"भरला की दर," गादीवाला मोबाईल खिशात टाकत म्हणाला. "तुम्ही घोरत होता तेव्हाच."

दर उघडले तेव्हा त्याचा जरासा जास्तच निघाला, पण पोर्टल दरासोबत तारेही मोजायचं, त्यामुळे आत्याने आधीच दिलेले पाच तारे कामी आले आणि ऑर्डर त्यालाच गेली. सप्लायरलासुद्धा खरेदीदाराला तारे देता येतात, हे आत्याला त्याच दिवशी कळलं. तिला पाच मिळालेले. खाली शेरा: 'माल स्वतः झोपून तपासतात. ऐकण्यात मात्र कच्च्या.'