कानाखालची काळी रेघ

आधीच सांगतो, भूतखेत मी मानत न्हाई. खुटबावात माझं वावर स्मशानाला लागून हाय, तिथंच बांधावर बसून मी भाकर खातो. शाळा चौथीपर्यंत, लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या... पण हे माझ्याच अंगावर घडलंय.

डाव्या कानाखाली गाठ आली. दौंडचा डॉक्टर म्हणला, "आबा, गाठ कापून काढावी लागेल. ही लाळेची ग्रंथी. चेहरा हलवणारी नस हिच्यातनं जाते, पुढं तिला फांद्या फुटतात. एखाद्याची फांदी भलत्याच वाटेनं जाते, ते आत गेल्यावरच कळतं. तुटली तर डोळा मिटणार नाही, तोंड वाकडं होईल."

मला मरणाचं काय न्हाई. पण उघड्या डोळ्यानं झोपायचं, चहा गळत प्यायचा... ह्याची लई धास्ती.

बायको शेवंता जाऊन आठ महिने झाले. मी कामाला बाहेरगावी निघालो की ती कानाखाली काजळाचं बोट ओढायची. म्हातारपणीसुद्धा. "लोक हसत्यात," म्हणलं तर म्हणायची, "हसू द्या. तुमच्या रंगावर दिसतंय कुणाला?"

ऑपरेशनला सकाळी धा वाजता स्ट्रेचरवर झोपवलं. सिस्टरनं दाढी केली, गाल पुसला. सून कागदावर सही करायला गेली. मी डोळे मिटून पडलो... आन् कानाखाली बोट फिरलं. खरबरीत, भेगा पडलेलं. डोळे उघडले — व्हरांड्यात कुणी न्हाई.

आत नेल्यावर डॉक्टर म्हणला, "सिस्टर, हे काळं काय लागलंय?"

"सर, मी आत्ताच पुसून आणलंय."

पुढं मला भूल चढली.

संध्याकाळी डॉक्टर खाटेपाशी आला. "आबा, ती रेघ कुणी काढली होती?"

मी कानाखाली हात नेला, तिथं पट्टी होती.

"बरोबर तिच्याखाली नसेची एक फांदी निघाली. ग्रंथीच्या वर, कातडीलगत. तिथं ती नसते. रेघ मी पुसली, पण का कोण जाणे, तिथं हात सावकाश चालला. रोजच्यासारखा चालला असता तर तुटली असती."

सून रडायला लागली. "मामंजी, आत्याबाईंनी राखलं तुम्हाला."

सगळे असंच म्हणत्यात. मला मात्र येगळंच भ्या हाय. तिला माझ्या आतलं दिसतंय म्हंजी... तिचा तो शेवटचा ताप वाढला तवा ऊसतोडीची टोळी फडात आली होती. टोळी गेली असती तर ऊस उभा राहिला असता, म्हणून मी चार दिवस दवाखाना लांबवला. आन् घरात सांगितलं, तीच नको म्हणली.

रेघ कशी आली, डॉक्टरला सांगता येत न्हाई, मला बी न्हाई. टाके निघाले. तोंड सरळ हाय, डोळा पुरा मिटतोय. पण मिटला की ते बोट आता कुठं टेकतंय, ह्याची वाट बघत पडतो.