ढाल खाली ठेवा

तुकोगंजातल्या दवाखान्यात बीपी मोजायला ते माझ्या आधी बसले होते. गौतमपुऱ्याचे, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. सोबतच्या सुनेची अट होती, बीपी नीट निघालं तरच यंदा हिंगोटच्या मैदानात उतरायचं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे दोन गट एकमेकांवर पेटते हिंगोट फेकतात. बंदुकीची दारू ठासलेली पोकळ फळं ती!

"बाबा, बिलकुल बोलायचं नाही," सून म्हणाली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. दंडाला पट्टा आवळला गेला आणि मला राहवेना. "हिंगोट अंगावर आला की काय करता हो?"

झालं! "अरे भिया, ढाल अशी!" मोकळा हात छातीसमोर आला, मान झुकली, डोळे लकाकले. मशीनवर आकडा भलताच वर!

सुनेने कपाळाला हात लावला. म्हातारबा मात्र खूश. "बढेगाच ना! आग बघून दिल दौडलं नाही, तर पाय काय दौडणार?"

नर्सने त्यांना डोळे मिटून बसवलं. मानेवरची उडणारी शीर हळूहळू शांत झाली. कुणी न सांगता हृदयाने जोर धरला होता, आता कुणी न सांगता सोडलाही! दुसरा आकडा अगदी ठीक आला. सुनेचा नाइलाज झाला.

मग माझी पाळी. मी नुसतं ऐकलं होतं, तरी माझाही आकडा वर! मोकळा हातही नकळत त्यांच्यासारखाच छातीसमोर आला होता.

म्हातारबांनी छातीसमोर तसाच राहिलेला माझा हात अलगद मांडीवर ठेवला.

"भिया, हिंगोट गेला. ढाल खाली ठेवा."