विझलेला कंदील आणि कोंडिराम

कोंडिराम रस्ता किलोमीटरमध्ये मोजत नसे, दमांत मोजत असे. न थांबता माणूस जेवढा चढेल तेवढा एक दम. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या सपाटीवर कुडपण हे त्याचं गाव. घाटातल्या फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि पुढे पायी. किती लांब, असं कुणी विचारलं की तो सरळ सांगायचा, "दोन दम." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला पाच लागले. तो वर एका दगडावर बसून माझी वाट बघत होता आणि वेळ जावा म्हणून करवंदं खात होता. तिथूनच माझं पोट दुखायला लागलं, ते करवंदांनी नव्हे.

खरं म्हणजे त्याही आधी लागलं होतं. महाडच्या कॉलेजात अकरावीला आम्ही एकत्र आलो. तो मावशीकडे राहायचा, माझ्या वडिलांचं, अण्णांचं, पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. शाळेत धावण्यात मी कायम पहिला. दुकानात गल्ल्यामागच्या फळीवर माझे कप मांडलेले, मामाने पुण्याहून आणलेले बूट वेगळे. कॉलेजच्या पहिल्याच स्पर्धेत हा कुडपणचा काळा, काटकुळा पोरगा अनवाणी धावला आणि अख्ख्या एका फेरीने पुढे गेला. तेवढ्यावर थांबला असता तर मी विसरलो असतो. पण शर्यत संपवून तो माझ्याकडे परत आला आणि काळजीने म्हणाला, "काय रे, पाय मुरगळला काय तुझा?" माझा पाय ठणठणीत होता.

त्यानंतर तो माझा मित्र झाला. म्हणजे त्यानेच मला मित्र करून टाकलं, मला काही विचारलं नाही. सकाळी पाचला घराखाली येऊन उभा राहायचा आणि आम्ही नांगलवाडी फाट्यापर्यंत धावून यायचो. धावताना मी बडबड केली की म्हणायचा, "दम बोलण्यात घालवू नको." चढ आला की मी वैतागायचो. तो म्हणायचा, "चढाला शिव्या देऊ नये रे. उतार काय, कुणालाबी नेतो." असली वाक्यं तो अगदी सहज बोलायचा, आणि मला वाटायचं, ही मला का सुचत नाहीत?

आईने तर त्याला डोक्यावरच बसवलं होतं. तो जेवायला आला की तूप त्याच्या ताटात आधी. अण्णा कुणाचं कौतुक करणाऱ्यांतले नव्हते, माझे कपसुद्धा त्यांनी गिऱ्हाइकांना दिसावेत म्हणून मांडले होते. तेही म्हणाले, "पोरगा अस्सल आहे." मी समोरच बसलो होतो. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी हात धुवून उठलो.

आमच्या गल्लीच्या मंडळाची दरवर्षीची ज्योत होती. घट बसायच्या दिवशी पहाटे प्रतापगडावर भवानीच्या देवळातल्या दिव्यावर मशाल पेटवायची आणि घाट उतरून पोलादपूरमार्गे पायी धावत महाडला आणायची. मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते हे मला पुढे कळलं, आमची ज्योतही साधारण तेवढीच भरायची. दोघादोघांच्या जोड्या असत. एक धावायचा, दुसरा मागच्या टेंपोत. टेंपोत एक कंदील असायचा, त्याच मशालीवर पेटवलेला. वाऱ्यापावसात मशाल विझलीच तर ती त्या कंदिलावर लावून घ्यायची, काडेपेटीला हात लावायचा नाही. आणि शेवटचा टप्पा, नांगलवाडी फाट्यापासून चवदार तळ्यावरून गल्लीपर्यंत, हा मानाचा. दोन्ही बाजूंना माणसं, गल्लीच्या तोंडाशी ओवाळायला बायका.

तो टप्पा तीन वर्षं माझा होता. चौथ्या वर्षी, आदल्या दिवशीच्या बैठकीत अण्णांनी, माझ्या सख्ख्या बापाने, सुचवलं की तो कोंडिरामला द्यावा. कारणही चारचौघांत सांगितलं. म्हणाले, "ज्योत गल्लीत रुबाबात आली पाहिजे. आमचे चिरंजीव पोचतात तेव्हा धापा टाकत असतात." सगळे हसले. कोंडिराम तेवढा हसला नाही, पण माझ्या डोक्यात राहिलं ते एकच, की नकोही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी गडावरून निघालो. जोडी आमचीच लावलेली, मी आणि कोंडिराम. घाटात माझी पाळी संपली, मी मशाल त्याच्या हातात दिली आणि टेंपोत कंदिलाशेजारी बसलो. तो उतारावर पुढे चालला होता, पाठ ताठ, मशाल एका उंचीवर धरलेली, आणि टेंपोतली पोरं त्याच्या नावाने ओरडत होती. मी कंदिलाची कळ फिरवली आणि वात खाली घेतली. पार खाली. उजाडलेलं होतं, कंदील गोणपाटाच्या आड होता, कुणाच्या लक्षात येण्यासारखं काही नव्हतं. ज्योत विझावी असं माझ्या मनात नव्हतं, देवीशप्पथ. विझलीच तर त्याच्या हातात विझावी, एवढंच.

आणि विझली. कापडे गावाच्या अलीकडे एक सर आली, त्यातच समोरून ट्रक भरधाव गेला. कोंडिराम थांबला. टेंपो थांबला. सगळ्यांनी कंदिलाकडे पाहिलं. मी म्हणालो, "गचक्यांनी विझला असेल." कुणीतरी हळूच काडेपेटी काढली. टेंपोत मंडळाचे वडीलधारे म्हणून नाना शिंपी होते. तेही क्षणभर घोटाळले, कारण तिकडे बायका ताटं घेऊन उभ्या राहणार होत्या.

कोंडिराम टेंपोत चढला. त्याने कंदिलाच्या काचेवर तळवा ठेवला. आत्ता विझलेल्या कंदिलाची काच हात लावू देत नाही. ही गार होती. त्याने हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. आता हा बोलणार, म्हणून मी मान खाली घातली. तो नानांकडे वळला आणि म्हणाला, "माझ्या हातात विझली, नाना. आमच्या जोडीची पाळी होती. तर आमची जोडीच परत आणंल, गडापासून. बाकीच्यांनी बसून यायचं." मग मला म्हणाला, "येतोस ना रे?"

टेंपो परत गडावर गेला. आम्ही पुन्हा दिवा घेतला आणि निघालो, आता दोघंच, महाडपर्यंत. एक दम त्याचा, एक माझा. त्याचे दम लांब, माझे आखूड, आणि त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. कंदील त्याने नानांच्या मांडीवर दिला होता. पोलादपुरात नानांनी एसटीडी बूथवरून अण्णांना फोन केला आणि कोंडिरामच्या हातून ज्योत विझल्याचं कळवलं. मी बाजूलाच उभा होतो, पाणी पीत. लोहारे गावाजवळ मशाल हातात घेताना मला राहवलं नाही. मी म्हणालो, "कोंड्या, तो कंदील..." तो म्हणाला, "दम बोलण्यात घालवू नको." आणि टेंपोत जाऊन बसला.

नांगलवाडी फाट्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मशाल त्याच्या हातात होती आणि टप्पाही त्याचाच होता. त्याने ती माझ्यापुढे धरली. "घे. मला माणसांतून पळता नाय येत."

मी घेतली. लाज वाटायला हवी होती, पण मला आनंद झाला, हे आज कबूल करतो. पायांत गोळे आले होते तरी पेठेतून मी ताठ धावलो, धाप दाबून. बायकांनी ओवाळलं, अण्णांनी सगळ्यांदेखत पाठीवर हात ठेवला. कोंडिराम टेंपोच्या मागच्या फाळक्यावर बसून आला. ज्याला त्याला तो एकच सांगत होता, "माझ्या हातात विझली." पुढच्या वर्षी मंडळाने त्याला बोलावलं नाही. आमच्या घरी तेवढं त्याचं तूप चालू राहिलं.

त्याचे वडील आजारी पडले तसा तो कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्धवट सोडून कुडपणला गेला. नाचणी, वरी, दोन म्हशी. कधी बाजाराला महाडला उतरला की दुकानात डोकावायचा, फळीवरच्या कपांकडे बघून हसायचा. पुढे लग्न झाल्यावर आपल्या मुलीसाठी वह्या न्यायचा. कंदिलाचा विषय ना त्याने काढला, ना मी.

काविळीने गेला तो. पस्तिशीसुद्धा गाठली नाही. तेराव्याला मी कुडपणला गेलो. या वेळी सात दम लागले आणि वर दगडावर कुणी नव्हतं. त्याच्या आईने मला ओळखलं. बसायला घोंगडी टाकली आणि जमलेल्या पाहुण्यांना माझी ओळख करून दिली.

"हाच तो अरुणशेट, महाडचा. माझ्या कोंडूच्या हातून ज्योत विझली, तेव्हा सगली टेंपोत बसली आन हा एकटा त्याच्यासंगं गडापासून पळाला. दरसाल घट बसले की कोंडू सांगायचा. मित्र असावा तर असा, म्हणायचा."

पाहुणे माझ्याकडे आदराने बघायला लागले. मी म्हणालो, "मावशी, तो कंदील..."

"कसला कंदील रे, बाबा?" तिने विचारलं.

तिला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं सांगितलेल्या गोष्टीत कोंडिरामने कंदील घेतलाच नव्हता. मी "काही नाही" म्हणालो आणि चहा प्यायलो.

कोंडिरामचा मी जन्मभर हेवा केला, त्याच्या पायांचा, दमाचा, आईने वाढलेल्या तुपाचासुद्धा. तो गेला तसा तो हेवाही संपला. आता हेवा वाटतो तो कुडपणच्या त्या घरातल्या अरुणशेटचा.